लिलावाच्या फाइलमध्ये डिस्कचा रकाना हवा

सरकारी कचेरीतली जुनी वस्तू निकाली काढायची तर एक नमुना भरावा लागतो. केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नमुना १० घ्या. वस्तूचा तपशील, संख्या किंवा वजन, मूळ किंमत, खरेदीचे वर्ष व आजची स्थिती, विल्हेवाटीची पद्धत, शेरा. एवढे भरले की वस्तू लिलावाला मोकळी. खुर्ची असो, पंखा असो की संगणक, नमुना तोच. खुर्चीसाठी तो पुरेसा आहे. संगणकाच्या पोटात मात्र हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर पाच-सात वर्षांत त्या टेबलापाशी येऊन गेलेल्या माणसांची आधार कार्डे, जन्मदाखले, बँक खाती, जमिनीचे व्यवहार, कधी वैद्यकीय अहवालही असतात. त्यांचे पुढे काय झाले, असे त्या कागदावरचा एकही रकाना विचारत नाही.

गोव्याला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त भिडतो. राज्य लहान, पण परक्या माणसाच्या ओळखीचे कागद हाताळणारी टेबले पुष्कळ. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना, गेस्टहाउसना, खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांनाही परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा, सी फॉर्म म्हणून ओळखला जाणारा नमुना भरावा लागतो, आणि त्या निमित्ताने पासपोर्ट-व्हिसाची प्रत काउंटरवरच्या संगणकात जाऊन बसते. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी धडपडणारी कुटुंबे आजोबांच्या जन्मनोंदीपासून तीन पिढ्यांचे दाखले एजंटाकडे स्कॅन करून देतात. नोटरी, वकील, कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांच्या) कचेऱ्या, पतसंस्था, जमिनीच्या नोंदीचे एक-चौदाचे उतारे काढून देणारी दुकाने, १९१ ग्रामपंचायती: या प्रत्येक ठिकाणी एक तरी संगणक दर काही वर्षांनी बदलला जातो. जुना एक्स्चेंजमध्ये, लिलावात नाहीतर थेट भंगारअड्ड्यावर जातो. भंगारवाला त्यातले तांबे आणि बोर्ड वेगळे काढतो, चालू डिस्क मात्र डिस्क म्हणूनच पुन्हा विकतो. यात त्याचा काहीच दोष नाही. कोरी करून द्यायची जबाबदारी देणाऱ्याची होती.

म्हणून मागणी अशी आहे. माहिती साठवणारे कोणतेही उपकरण कार्यालयाच्या दाराबाहेर पडण्याआधी त्यातली डिस्क पुसलेली किंवा नष्ट केलेली असावी, तिचा अनुक्रमांक नोंदलेला असावा, पुसणाऱ्याहून वेगळ्या माणसाने ती तपासलेली असावी, आणि दोघांच्या सह्या विल्हेवाटीच्या फाइलला लागलेल्या असाव्यात. नोंद नसेल तर लिलावाला मंजुरी नाही. एवढा आदेश काढायला राज्य सरकारला दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही.

यावर पहिले उत्तर येते ते असे: फॉरमॅट मारूनच देतो आम्ही. हा समज इतका पक्का आहे की त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. एक-चौदाच्या उताऱ्यावरून कुळाचे नाव खोडले म्हणून शेत नाहीसे होत नाही. बांध, माती, उभे पीक जागच्या जागी असते. डिस्कचेही तसेच. कोणती फाइल कुठल्या जागेत आहे याची एक यादी डिस्कवरच असते. फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला, की त्या यादीतली जागा ‘मोकळी’ म्हणून दाखवली जाते. क्विक फॉरमॅट त्या यादीच्या जागी नवी कोरी यादी बसवतो. खालचा मजकूर, त्याच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, जसाच्या तसा राहतो. फोटोरेकसारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर यादीकडे बघतही नाही. जेपीईजी चित्राची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, पीडीएफचीही होते. ते सगळी डिस्क वाचत जाते आणि अशी सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलते. ज्याला विंडोज टाकता येते त्याला हेही करता येते.

पुरावा जुना आहे आणि तरी दुर्लक्षित आहे. एमआयटीतल्या सिम्सन गार्फिंकल आणि अभी शेलट या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या आणि २००३मध्ये निष्कर्ष मांडले. १२९ चालू निघाल्या, त्यांतल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांवर ५,०००हून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय पत्रव्यवहार, आणि एका डिस्कवर तर एटीएमचे व्यवहार सापडले. विकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी काहीतरी डिलीट केले होते. म्हणजे त्यांना काळजी होती. ती योग्य जागी पोहोचली नाही.

याच्या उलट टोकाचा गैरसमज तितकाच नुकसान करतो. डिस्क सात वेळा, नव्हे पस्तीस वेळा पुसावी लागते, असे अनेक तंत्रज्ञही सांगतात. हा पस्तीसचा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६च्या शोधनिबंधातला आहे. त्यांनी तेव्हा वापरात असलेल्या वेगवेगळ्या जुन्या रेकॉर्डिंग पद्धतींसाठी वेगवेगळे नमुने दिले होते आणि सगळ्यांची बेरीज पस्तीस होत होती. कोणत्याही एका डिस्कला ते सगळे लागू नव्हतेच, असे त्यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केले. आजच्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवर प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे साठवणीच्या प्रत्येक छोट्या कप्प्यावर, एकदा शून्ये लिहिली की खालचे परत मिळत नाही. हिशेब करून पाहा. १ टीबीची डिस्क सरासरी सेकंदाला १२० एमबी वेगाने लिहिली जाते असे धरले तर एका फेरीला साधारण २ तास २० मिनिटे लागतात. पस्तीस फेऱ्यांना ३ दिवस ९ तास. कचेरीतल्या माणसाला ‘तीन दिवस मशीन चालू ठेवा’ असे सांगितले की तो काहीच करत नाही, फॉरमॅट मारतो आणि पुढे पाठवतो. जादा सावधगिरीचा सल्ला इथे प्रत्यक्षात शून्य सावधगिरीला जन्म देतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेच्या २०१४च्या आवृत्तीनेही साध्या डिस्कसाठी एक फेरी पुरेशी मानली होती, आणि तीच एक फेरी आपण उचलावी.

प्रत्यक्ष काम असे. पुसण्यासाठी एक वेगळे बाक मांडावे. जुना पण चालू डेस्कटॉप घ्यावा, ज्याच्या मदरबोर्डवर डिस्क जोडण्याचे चार साटा सॉकेट आहेत. पेनड्राइव्हवर श्रेडओएस टाकावे. ते फुकट आहे आणि त्यात एनवाइप हा पुसण्याचा प्रोग्राम असतो. त्या डेस्कटॉपची स्वतःची डिस्क आधी काढून ठेवावी, नाहीतर चुकून तीच पुसली जाते, आणि ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. पुसायच्या डिस्क थेट साटा केबलने जोडाव्यात, यूएसबीच्या डब्यातून नव्हे. स्वस्त डबे मध्येच तुटतात आणि काही डिस्कचा खरा अनुक्रमांकही दाखवत नाहीत. पडद्यावरचा अनुक्रमांक आणि डिस्कवरच्या लेबलचा अनुक्रमांक जुळवून पाहावा, मग एक फेरी शून्यांची आणि शेवटी पडताळणीची फेरी निवडावी. चार डिस्क एकाच वेळी लावल्या तर १ टीबीच्या चारही डिस्क पाच तासांच्या आत पुसून, तपासून होतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा यूपीएस नसेल तर हे काम पावसात करू नये. पाच तासांच्या कामात दीड तासावर वीज गेली तर अर्धवट पुसलेली डिस्क ‘झाली’ म्हणून ढिगात जाण्याचा धोका असतो.

ज्यांच्याकडे फक्त विंडोज आहे त्यांना डिस्कपार्ट या विंडोजमधल्याच साधनातली ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा तेच काम करून देते. नुसती ‘क्लीन’ दिली तर फक्त डिस्कच्या विभागांची नोंद जाते, खालचा मजकूर राहतो. ‘ऑल’ हा शब्द विसरला की सगळे मुसळ केरात.

आता यात बिघडते काय, ते. डिस्कवरचा एखादा सेक्टर खराब व्हायला लागला की डिस्क स्वतःच तो बाजूला काढते आणि राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्याच्या जागी लावते. बाजूला काढलेल्या सेक्टरवर जुना मजकूर तसाच राहतो आणि बाहेरून लिहिलेली शून्ये तिथवर पोहोचत नाहीत. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो अहवाल ठेवते त्या स्मार्ट अहवालात पाचव्या क्रमांकाचा घटक अशा बदललेल्या सेक्टरांची संख्या दाखवतो. तो शून्य असेल तर निर्धास्त. मोठा असेल, किंवा पुसताना लिहिण्याच्या चुका आल्या, तर त्या डिस्कवर वेळ घालवू नये, ती नष्ट करायच्या खोक्यात टाकावी. काही ब्रँडेड संगणकांत डिस्कचा एक भाग मुद्दाम झाकलेला असतो. एनवाइप तसे असल्यास दाखवते, तिकडे लक्ष द्यावे.

इथपर्यंतची गोष्ट फिरत्या तबकडीची. गेल्या काही वर्षांत कचेऱ्यांत आले ते संगणक बहुतेक एसएसडीवाले, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारे आहेत, आणि येत्या काळात लिलावाला हेच निघतील. त्यांना वरची पद्धत लावणे ही मोठी चूक ठरेल. एसएसडीतली फ्लॅश चिप एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिल्याने झिजते, म्हणून आतला कंट्रोलर प्रत्येक वेळी नव्या जागी लिहितो आणि जुनी जागा नंतर सवडीने साफ करतो. तुम्ही ‘त्याच’ फाइलवर शून्ये लिहिलीत तरी ती दुसरीकडेच लिहिली जातात. शिवाय २४० जीबी म्हणून विकलेल्या एसएसडीत साधारण २५६ जीबीच्या चिप असतात; वरची जागा कंट्रोलरच्या ताब्यात, तुमच्या संगणकाला ती दिसतही नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये हे चिप उघडून मोजले. एकेक फाइल पुसण्याच्या ज्या पद्धती त्यांनी तपासल्या त्या सगळ्या फसल्या; फाइलमधला ४ ते ७५ टक्के मजकूर मागे उरला. एका एसएसडीने तर पुसण्याची आज्ञा ‘पूर्ण झाली’ असे कळवले आणि सगळा डेटा आत तसाच होता. विंडोज डिलीटनंतर ‘ही जागा आता रिकामी समजा’ अशी ट्रिम नावाची सूचना पाठवते आणि त्यामुळे साध्या सॉफ्टवेअरने फाइल परत आणणे पुष्कळदा जमत नाही, हे खरे आहे. पण ‘पुष्कळदा’ हा शब्द रुग्णालयाच्या नोंदींना चालणार नाही.

एसएसडीला तिच्याच आतली पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. साटा असेल तर सिक्युअर इरेज, मदरबोर्डवर थेट बसणारी एनव्हीएमई पट्टी असेल तर फॉरमॅट किंवा सॅनिटाइझ. अनेक कंपन्यांच्या ऑफिस लॅपटॉपांत ही सोय बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, मेनूतच असते. नसेल तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, नाहीतर लिनक्समधल्या एचडीपार्म आणि एनव्हीएमई-सीएलआय या साधनांत मिळते. वेळ काही मिनिटांचाच लागतो. अडचणी मात्र ठरलेल्या आहेत. साटा एसएसडी बहुतेक वेळा ‘फ्रोझन’ दिसते, कारण संगणक सुरू होताना बायोस तिला कुलूप घालतो. मशीन एकदा स्लीपमध्ये टाकून जागे केले की ते कुलूप सुटते. सिक्युअर इरेजआधी तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो. मध्येच वीज गेली तर एसएसडी त्या पासवर्डने बंद होऊन बसते, म्हणून तो सोपा ठेवून डिस्कवर चिकटपट्टी लावून लिहावा. ही आज्ञा यूएसबीच्या डब्यातून देऊ नये. आणि सॅन दिएगोचा अनुभव ध्यानात ठेवून, आज्ञा झाल्यावर डिस्क वाचून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये.

याहून शहाणा मार्ग खरेदीच्या दिवशी सुरू होतो. पहिल्या दिवसापासून पूर्ण डिस्क एनक्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असेल, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा लिनक्समध्ये लक्स, तर शेवटच्या दिवशी फक्त किल्ली नष्ट करायची. उरतो तो अर्थहीन गोंधळ. बाजूला पडलेले सेक्टर, कंट्रोलरने झाकलेली जागा, मधूनच मेलेली डिस्क, या सगळ्यांची चिंता त्यामुळे मिटते. पण दोन गोष्टी चुकू नयेत. वापरात असलेल्या जुन्या संगणकावर बिटलॉकर चालू करताना ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय निवडला तर आधी डिलीट केलेल्या फाइल उघड्याच राहतात. ‘संपूर्ण ड्राइव्ह’ निवडावा. दुसरे, रिकव्हरी किल्लीची छापील प्रत त्याच कपाटात आणि दुसरी प्रत कुणाच्या तरी मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. किल्ली नष्ट करणे म्हणजे याही प्रती नष्ट करणे. एसएसडीच्या आतल्या तयार एनक्रिप्शनवर विसंबू नये. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाने २०१८मध्ये त्यातल्या त्रुटी दाखवल्या आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनेही बिटलॉकरची मूळ मांडणी सॉफ्टवेअर एनक्रिप्शनकडे वळवली. हे सगळे राज्याच्या संगणक खरेदीच्या निविदेत एका कलमाने आणता येते, आणि त्याला जादा खर्च नाही.

संगणकाखेरीज जे विसरले जाते त्यात झेरॉक्स मशीन पहिले. मोठ्या मल्टिफंक्शन मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि त्यातून गेलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. अमेरिकेतल्या अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने भाड्याची अशी मशीन डिस्क न पुसता परत केली. २०१३मध्ये तिला १२ लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरून प्रकरण मिटवावे लागले, कारण ३ लाख ४४ हजारांवर लोकांची माहिती त्यात असण्याची शक्यता होती. पणजी-मडगावच्या कोर्टाशेजारच्या झेरॉक्स दुकानांत, भाड्याने घेतलेल्या प्रत्येक सरकारी मशीनमध्ये हाच प्रश्न आहे. मशीन परत जाताना सर्व्हिस इंजिनिअरकडून डिस्क पुसण्याचा पर्याय आपल्यासमोर चालवून घ्यावा, आणि भाडेकरारातच ‘डिस्क आमच्याकडे राहील’ असे लिहून घ्यावे. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली डिस्क साधी साटा असते; काढून वर सांगितलेल्या बाकावर पुसता येते. वॉरंटीत बिघडलेली डिस्क कंपनीला परत द्यावी लागते ही पळवाट तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलेली म्हणजे कोरी नव्हे. खरेदी करतानाच बिघडलेली डिस्क ठेवून घेण्याची अट घालता येते, थोडे पैसे जास्त पडतात, रुग्णालयांनी आणि पतसंस्थांनी ते द्यावेत.

मोबाइलची बाब तुलनेने सोपी. अँड्रॉइड ६ घेऊन बाजारात आलेल्या आणि त्यानंतरच्या फोनांत माहिती सहसा मुळातच एनक्रिप्ट असते, आयफोनमध्येही. आधी गूगल किंवा अॅपल खात्यातून बाहेर पडून मग फॅक्टरी रीसेट केले की किल्ली जाते. मेमरी कार्ड वेगळे काढावे, ते रीसेटमध्ये पुसले जाईलच असे नाही. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांना बहुधा पुसण्याची आतली आज्ञाच नसते. चारशे रुपयांच्या वस्तूसाठी धोका घेऊ नये, ती फोडावी. फोडताना बाहेरचे प्लास्टिक नव्हे, आतली काळी चौकोनी चिप तुटायला हवी.

इथे काही जण विचारतात की मग सगळेच का फोडू नये. हातोडा स्वस्त, डोळ्यांना दिसणारा, कुणाला शिकवावा लागत नाही. पण डिस्कला पाडलेले एक भोक फार थोडी जागा नष्ट करते. डेस्कटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा अॅल्युमिनियमच्या, त्या वाकतात, फुटत नाहीत. एसएसडीच्या पट्टीवर चारपैकी एक चिप वाचली तरी तिच्यातला मजकूर वाचता येतो. म्हणून अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था एसएसडीचा भुगा २ मिलिमीटरपर्यंत करायला सांगते. मोठ्या चुंबकाचे डीगॉसर यंत्र तबकडीच्या डिस्कवर चालते, एसएसडीवर त्याचा काहीही परिणाम नाही. जाळणे हा तर गुन्हाच समजावा. भंगारअड्ड्यांना लागणाऱ्या आगींचा धूर गोव्याने पुरेसा पाहिला आहे. खाडीत, विहिरीत फेकलेली डिस्कही पुसली जात नाही. २००३मध्ये कोलंबिया अंतराळयान कोसळले, त्याच्या अवशेषांत जळून काळी झालेली एक डिस्क मिळाली आणि तिच्यावरच्या प्रयोगाची जवळपास सगळी माहिती तज्ज्ञांनी परत काढली.

आणि चांगल्या डिस्क फोडणे हे दुसऱ्या अंगाने अन्यायाचे आहे. पाच वर्षे चाललेला कचेरीतला संगणक पुसून, एक स्वस्त एसएसडी टाकून, गावच्या वाचनालयात किंवा शाळेत आणखी चार-पाच वर्षे चालतो. विद्यार्थ्यांसाठीच्या सायबरएज योजनेतून घराघरात संगणक पोहोचवलेल्या राज्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. डिस्क फोडायची सवय लागली की अख्खा संगणक भंगारात जातो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नवे नियम उपकरणे अधिकृत रिसायकलरकडे जावीत असे सांगतात. ते हवेच. पण रिसायकलरच्या ट्रकमध्ये चढणाऱ्या डिस्कवर काय आहे, ही जबाबदारी ट्रकबरोबर निघून जात नाही. मॉर्गन स्टॅन्लीने आपली जुनी यंत्रे निकाली काढायचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिले, जिला डेटा नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. ग्राहकांच्या माहितीसकट डिस्क इंटरनेटवरच्या लिलावात पोहोचल्या आणि २०२२मध्ये बँकेला ३.५ कोटी डॉलरांचा दंड झाला. कंत्राटदाराचे प्रमाणपत्र म्हणजे पुसलेली डिस्क नव्हे.

कायद्याकडे पाहिले तर एक जागा मुद्दाम दाखवावीशी वाटते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. कलम ८(५)नुसार माहिती सांभाळणाऱ्याने वाजवी सुरक्षा ठेवली पाहिजे. ती न ठेवल्याने माहिती फुटली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. कलम ८(७) सांगते की काम संपले की माहिती पुसा. हॉटेलांना, दवाखान्यांना, पतसंस्थांना हे लागू होईल. पण कलम १७(४) शासन आणि शासकीय संस्थांना ८(७)मधून सूट देते. सुरक्षेची जबाबदारी शासनावर आहे, पुसण्याची नाही. ज्याच्याकडे माणसाला माहिती द्यावीच लागते, नाही म्हणायची सोयच नाही, त्याला पुसण्यातून मोकळीक देणे हे न पटणारे आहे. केंद्राचा कायदा गोवा बदलू शकत नाही; स्वतःवर जादा बंधन मात्र घालून घेऊ शकतो. सूट मिळाली म्हणजे पुसायला मनाई झाली असे नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांकडून येतो, आणि तो झटकून टाकता येणार नाही. पुसण्याचा आदेश निघाला की गैरव्यवहाराच्या फाइलीही ‘नियमानुसार’ पुसल्या जातील. गोव्याने केंद्राच्या आठ वर्षे आधी, १९९७मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला; इथल्या लोकांना या भीतीचे कारण ठाऊक आहे. उत्तर असे की डिस्क पुसणे आणि दप्तर पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आदेशात त्यांचा क्रम लिहिलेला हवा. आधी जतन, मग पुसणे. त्या संगणकावरचे जे काही सरकारी अभिलेख आहे ते खात्याच्या सर्व्हरवर गेले, उघडून पाहिले, त्याची यादी झाली, माहिती अधिकारी आणि खातेप्रमुख दोघांनी सही केली, आणि त्या विषयावर कोणता अर्ज, अपील वा खटला प्रलंबित नाही अशी नोंद झाली, तरच डिस्क बाकावर जावी. आज काय होते? संगणक बदलला की महत्त्वाची फाइल आणि लोकांचे आधार दोन्ही एकाच वेळी भंगारात जातात. एक हरवते, दुसरे चुकीच्या हाती लागते. पणजीचे पुराभिलेख खाते १५९५पासून, दियोगो दो कोतो या पहिल्या दप्तरदाराच्या नेमणुकीपासून दप्तर सांभाळत आले आहे. कोणता कागद कायमचा ठेवायचा हे ठरवण्याचे ज्ञान या राज्यात आहे. ती यादी करायला पुराभिलेख खात्यालाच सोबत घ्यावे.

खर्चाचे म्हणाल तर बारा तालुक्यांत बारा बाके लागतील. एका बाकाला एक जुना डेस्कटॉप, एक यूपीएस, केबली, स्क्रूड्रायव्हर, कुलपाचे कपाट आणि दोन दिवस शिकवलेला एक माणूस. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आल्तिनोचे पॉलिटेक्निक शिकवण्याचे काम करू शकतील. न पुसलेल्या डिस्क मात्र विद्यार्थ्यांच्या हाती सोपवू नयेत. त्या कर्मचाऱ्यासमोरच उघडाव्यात आणि संध्याकाळी मोजून कपाटात जाव्यात. नोंदीत कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, क्षमता, तबकडी की एसएसडी, पद्धत, तारीख, पुसणारा, तपासणारा आणि डिस्क पुढे कुठे गेली एवढे असावे. तपासणाऱ्याने डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये सुरुवात, मध्य, शेवट आणि मधल्या दहा-बारा जागा उघडून पाहाव्यात; शून्यांखेरीज काही दिसू नये. एसएसडीवर काही वेळा शून्यांऐवजी दुसराच एकसारखा नमुना दिसतो, तो चालतो. वाचता येणारे एकही अक्षर चालत नाही. दर वीस डिस्कांमागे एकीवर फोटोरेक पूर्ण चालवावे. एक जरी फाइल निघाली तरी त्या दिवसाच्या सगळ्या डिस्क पुन्हा बाकावर.

हा आदेश निघायला वेळ लागेल. तोवर प्रत्येक खात्याच्या आणि पंचायतीच्या स्टोअररूममध्ये जे संगणक गोणपाटाखाली पडून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करता येते. डेडस्टॉक रजिस्टर घेऊन बसावे, प्रत्येक कॅबिनेटची बाजूची पाटी उघडावी. डिस्क सहसा चार स्क्रूंवर असते, एनव्हीएमई पट्टी एकावर. ती काढून अनुक्रमांक रजिस्टरमध्ये त्या संगणकापुढे लिहावा, डिस्क कुलपात ठेवावी आणि कॅबिनेट पुन्हा बंद करून त्यावर ‘डिस्क काढली’ असे खडूने नव्हे, मार्करने लिहावे. वीस संगणकांना एक दुपार पुरते. ज्या कॅबिनेटमध्ये डिस्क सापडणार नाही त्याच्यापुढे तसे स्पष्ट लिहावे आणि ती कधी, कोणी काढली याची विचारणा त्याच आठवड्यात सुरू करावी.